एमआरआयचे पूर्वकर्म

गृध्रसीचा एक रुग्ण आमच्याकडे साडेतीन महिने उपचार घेत होता. पाथर्डी तालुक्यातील राहणारा, पंचावन्न ओलांडलेला, मधुमेही. कटिबस्ती, मात्राबस्ती आणि पोटातून गुग्गुळकल्प या उपचारांनी वेदना निम्म्याहून कमी झाल्या होत्या. परंतु डाव्या पायाचा अंगठा वर उचलण्याचे बळ हळूहळू घटत आहे, असे लक्षात आल्यावर अधिक वाट पाहणे योग्य नव्हते. आम्ही कमरेच्या एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली. "उद्या सकाळी उपाशीपोटी नगरला जा, नुसते झोपून राहायचे असते, काही त्रास नाही," एवढे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो मुलाबरोबर परत आला. हातात फिल्म नव्हती. रात्रीपासून उपाशी, त्यात सकाळची मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतलेली. करंजी घाटाच्या अलीकडेच गाडीत त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले. मुलाने शेजारच्या प्रवाशाकडून मागून घेतलेल्या बिस्किटांवर वेळ निभावली. तपासणी केंद्रात पोहोचल्यावर तेथील तंत्रज्ञाने पहिल्याच चौकशीत विचारले, "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" गेला होता. रुग्णाने उमेदीची बारा वर्षे नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडरवर काढली होती. कण काढल्याचे त्याला आठवत होते, सगळा निघाला की नाही हे मात्र सांगता येईना. डोळ्यांचा एक्स-रे काढला असता एक बारीक धातुकण स्पष्ट दिसला. एमआरआय झाला नाही. पुढे सीटी स्कॅनवर काम भागले आणि शल्यतज्ज्ञांकडे रुग्ण वेळेत पोहोचला, हे त्याचे आणि आमचे सुदैव.

आम्ही त्याला म्हटले, "तात्या, एवढी महत्त्वाची गोष्ट मला सांगितली नाहीत?" तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही इचारलंच नाही ना." साडेतीन महिन्यांत आम्ही त्याची प्रकृती, कोष्ठ, अग्नी, निद्रा, सर्व काही विचारले होते. उपाशी जाण्यास सांगितले ते तर सर्वस्वी अनावश्यक होते. कमरेच्या साध्या एमआरआयसाठी उपवास लागत नाही. एका चिठ्ठीत आमच्या दोन चुका झाल्या आणि दोन्ही रुग्णाच्या जिवावर बेतू शकल्या असत्या. प्रस्तुत लेख त्या दिवसाचा ऋणी आहे.

आज मन्यास्तंभ, कटिशूल, संधिवात, पक्षाघात अशा आपल्या नित्याच्या रुग्णांपैकी अनेकांना केव्हा ना केव्हा या यंत्रात जावे लागते. अकोले, जामखेड, पारनेर अशा तालुक्यांतून पहाटेची एसटी पकडून ते नगरला, संगमनेरला किंवा लोणीला येतात. केंद्रात त्यांना प्रश्नावली भरून घेतात हे खरे. पण घाईत, अनोळखी ठिकाणी, इंग्रजी शब्दांच्या कागदावर दिलेले उत्तर आणि आपल्या वैद्याला ओसरीत बसून दिलेले उत्तर यांत फार अंतर असते. वमन-विरेचनापूर्वी स्नेहन-स्वेदन न करणारा वैद्य आपण पाहिला नाही. मग एमआरआयचे पूर्वकर्म आपण केंद्रातील तंत्रज्ञावर का सोपवून मोकळे होतो?

यंत्र 'बंद' कधीच नसते

सर्वप्रथम यंत्राचा स्वभाव समजून घेणे इष्ट. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीर ठेवून त्यातील जलांशामधील हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी क्षणभर विचलित करतात आणि ती पूर्वस्थितीत येताना मिळणाऱ्या संकेतांवरून प्रतिमा तयार करतात. या पद्धतीच्या शोधासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्वसामान्य केंद्रांतील यंत्र दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचे असते. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. हे चुंबकत्व द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड ठेवलेल्या अतिवाहक तारांच्या वेटोळ्यांतून निर्माण होते आणि ते अहोरात्र चालू असते. रात्री दिवे मालवले, संगणक बंद केला, तरी चुंबक जागाच असतो. आवाज येत नाही म्हणजे यंत्र बंद आहे, हा समज सर्वांत घातक होय.

मुंबईच्या नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी याच समजाने एका ३२ वर्षांच्या तरुणाचा बळी घेतला. तो रुग्ण नव्हता, नातेवाईक होता. आजारी वृद्धेला तपासणीसाठी नेताना ऑक्सिजनचे सिलिंडर त्याच्या हातात होते. यंत्र बंद असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. सिलिंडरसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्यापूर्वी २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत दोन कर्मचारी असेच सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते. ही आपल्याकडचीच उणीव आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ २०२५ च्या जुलैमध्ये पत्नीच्या गुडघ्याच्या तपासणीनंतर तिला उठवायला आत गेलेला ६१ वर्षांचा गृहस्थ गळ्यातील सुमारे नऊ किलो वजनाच्या व्यायामाच्या साखळीमुळे खेचला गेला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

या दोन्ही मृत्यूंत दगावला तो नातेवाईक. आपल्याकडे रुग्ण एकटा जात नाही; मुलगा, जावई, शेजारी असे दोघे-तिघे बरोबर असतात आणि म्हातारीला हात देण्यासाठी सर्वांनाच आत जायचे असते. म्हणून पूर्वकर्म रुग्णाइतकेच सोबत्याचेही करावे लागते. चाकाची खुर्ची, स्ट्रेचर, वॉकर, काठीचे लोखंडी टोक, खिशातील चाव्या, अडकित्ता, चुन्याची पत्र्याची डबी, मोबाइल यांपैकी काहीही दाराच्या आत न्यायचे नाही, आणि तंत्रज्ञाने नाव घेऊन बोलावल्याखेरीज उंबरा ओलांडायचा नाही, हे सोबत्यालाच समोर बसवून सांगावे.

प्रनष्ट शल्य

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात शल्याच्या विषयाला दोन स्वतंत्र अध्याय दिले आहेत. प्रनष्टशल्यविज्ञानीय अध्यायात शरीरात दडून बसलेले शल्य कसे ओळखावे याचा विचार आहे. पुढील शल्यापनयनीय अध्यायात शल्य काढण्याचे जे पंधरा हेतू सांगितले, त्यांत अयस्कान्त म्हणजे लोहचुंबक आहे. चुंबक केव्हा वापरावा याच्या अटीही तेथे आहेत: शल्य सरळ दिशेने बसलेले असावे, कोठे अडकलेले नसावे, त्याला कर्ण म्हणजे आकडे नसावेत आणि व्रणाचे मुख पुरेसे मोठे असावे. म्हणजे चुंबकाच्या ओढीने शल्य आतल्या आत फिरून धातूंना इजा करू शकते, ही जाणीव त्या अटींमागे आहे. एमआरआय हा आपल्या दृष्टीने एक प्रचंड अयस्कान्त होय. आणि त्याच्यापुढे रुग्णाला उभे करण्यापूर्वी प्रनष्ट शल्याचा शोध घेणे हे तर आपल्याच शास्त्राचे सांगणे ठरते.

हा शोध प्रश्नांनीच घ्यावा लागतो आणि प्रश्न व्यवसायाप्रमाणे बदलावे लागतात. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग, पत्राकाम, ट्रॅक्टर-ट्रॉलीची दुरुस्ती, लोहारकाम यांपैकी काही केलेल्या मनुष्याला डोळ्याविषयी विचारावे. "डोळ्याला काही झाले होते का?" असे विचारले तर तो नाही म्हणतो, "कधी कूस गेली होती का, दवाखान्यात काढून घ्यावी लागली होती का?" असे विचारले तर आठवते. १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तात, पत्राकाम करणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यातील काही मिलिमीटरचा अज्ञात लोहकण तपासणीच्या वेळी हलला आणि आत रक्तस्राव होऊन त्या डोळ्याची दृष्टी गेली. तेव्हापासून संशय असल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढण्याची पद्धत रूढ झाली. हा एक्स-रे आपण तालुक्याच्या गावीच करून पाठविला तर रुग्णाचा एक हेलपाटा वाचतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एका वर्गाला हा प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे, तो म्हणजे माजी सैनिक. आर्मर्ड कोअर सेंटर आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र नगरलाच. गावोगावी निवृत्त जवान आहेत. तोफगोळ्याची किरच मांडीत वा खांद्यात राहून गेलेले गृहस्थ आज ती विसरूनही गेलेले असतात, कारण ती दुखत नाही. पण विषय काढला की त्या लढाईची हकिकत तारखेनिशी सांगतात. ऐकायला पाच मिनिटे अधिक जातात एवढेच. छऱ्याच्या बंदुकीने झालेल्या जुन्या जखमेबाबतही तेच.

वैद्यांनी आणि शल्यविशारदांनी बुद्धिपुरस्सर ठेवलेल्या वस्तूंचा विचार वेगळा. पेसमेकर बसविलेल्यास एमआरआय कायमचा वर्ज्य, असे आम्हांला महाविद्यालयात शिकविले गेले. ते आता पूर्णतः खरे नाही. अमेरिकेत २०११ पासून ठरावीक अटींवर एमआरआयला चालणारे पेसमेकर मान्य झाले आणि तसे आता आपल्याकडेही बसवितात. मात्र यंत्र व तारा दोन्ही त्या प्रकारच्या हव्यात आणि तपासणीच्या आधी व नंतर हृदयरोगतज्ज्ञांकडून पेसमेकरची मांडणी बदलून घ्यावी लागते. म्हणून निर्णय आपण करू नये. रुग्णाजवळचे कार्ड केंद्राला आगाऊ कळवावे. मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुग्याला लावलेली क्लिप आणि कानात आत बसविलेले श्रवणयंत्र यांचे कागद हाती आल्याशिवाय रुग्णाला पाठवूच नये. हृदयातील स्टेंट, कृत्रिम सांधा, हाडातील पट्ट्या व स्क्रू यांची भीती रुग्णांना उगीचच जास्त असते. बहुतेक वेळा त्यांनी तपासणी अडत नाही, फक्त त्या भागाची प्रतिमा बिघडते. तांबीचेही तसेच, तिच्यामुळे तपासणी अडत नाही, तरी सांगणे बरे. या सर्वांत कामी येतो तो शस्त्रक्रियेचा कागद. 'जुना झाला' म्हणून तो चुलीत गेलेला असतो. आपल्या नियमित रुग्णांना तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये आणून ठेवण्यास आम्ही आता सांगतो.

अलंकार, वस्त्र आणि लेप

सोने व शुद्ध चांदी चुंबकाकडे ओढली जात नाहीत. मग ती काढायची कशासाठी, असे शिकलेले रुग्णही विचारतात. उत्तर असे की धोका केवळ ओढले जाण्याचा नाही. रेडिओलहरींमुळे धातूच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होऊन ते तापू शकते आणि त्वचा भाजते. शिवाय बाजारातील जोडवी, नथीची तार, करदोड्याची कडी, ताइताची पेटी नेमकी कोणत्या धातूची आहे हे सराफालाही पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तांब्याचे कडे आणि 'चुंबकीय' म्हणून विकला जाणारा कमरेचा वा गुडघ्याचा पट्टा हे तर हमखास विसरले जातात. चुंबकाचा पट्टा बांधून चुंबकाच्या खोलीत शिरणे किती गंभीर आहे हे सांगायला नको.

मंगळसूत्राचा प्रश्न भावनेचा आहे आणि तो केंद्राच्या दारात, परक्या पुरुषासमोर उपस्थित झाला की बाई रडकुंडीला येते. घरीच, आदल्या दिवशी, हा विषय निघाला तर सुटतो. मंगळसूत्र तुटले किंवा गहाण पडले तर हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आम्ही तेच सुचवितो. हळकुंडात धातू नाही आणि मनालाही समाधान. जोडवी बोटात रुतली असतील तर आदल्या रात्री तेल चोळून पाय उंच ठेवावा. सकाळी सहज निघतात. पोलक्याचे हुक, मंगळसूत्रात आणि पदरात अडकविलेल्या टाचण्या, केसांचे आकडे, काढता येणारी कवळी हे सारे उतरावे लागते. 'नगरला जायचे' म्हणून नेसलेले जरीकाठी लुगडे घरी ठेवावे. जरीत धातूचा धागा असतो आणि धातूचा धागा विणलेल्या वस्त्राने त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत. साधे सुती, नाडीचे वस्त्र उत्तम. बहुतेक केंद्रे आपला गाऊन देतातच.

एक गोष्ट विशेषतः आपल्या व्यवसायाची. लेप लावलेल्या अवस्थेत रुग्णाला पाठवू नये. सुवर्णगैरिक हे लोहाचे ऑक्साइड. ते असलेला लेप तपासणीच्या भागावर राहिला तर प्रतिमा बिघडू शकते. डोळ्यांच्या प्रसाधनांतील लोहयुक्त रंगांमुळेही असे होते, म्हणून मेंदूच्या वा डोळ्यांच्या तपासणीपूर्वी डोळे स्वच्छ धुवावेत. अभ्यंगाने अपाय नाही. परंतु तेलकट अंगाने गेलेल्या रुग्णाविषयी तंत्रज्ञ काय बोलतात, ते आम्ही ऐकले आहे. स्नान करून पाठवावे.

आहार व औषधे

मेंदू, मान, कंबर, गुडघा यांच्या साध्या तपासणीस उपवासाची गरज नसते. पोटाच्या, विशेषतः पित्ताशय व पित्तनलिकांच्या तपासणीस साधारणतः चार ते सहा तास रिकामे पोट लागते. लहान मुलाला किंवा फार भ्यालेल्या रुग्णाला गुंगी द्यायची असेल तर नियम कडक: हलका आहार सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी, नुसते पाणी दोन तास आधीपर्यंत. येथे आपला एक सूक्ष्म घोटाळा होतो. 'सकाळी औषध दुधाबरोबर' असे आपण लिहिलेले असते. रुग्ण म्हणतो, काही खाल्ले नाही, फक्त औषध घेतले. पण गाई-म्हशीचे दूध हा आहारच होय. त्या दिवशीचे अनुपान बदलून द्यावे. मधुमेही रुग्णास उपवास खरोखर आवश्यक असेल तर सकाळची वेळ मागून घ्यावी आणि गोळी वा इन्सुलिन यांबाबत त्याच्या वैद्यकीय सल्लागाराला आधी विचारावे. रक्तदाब, अपस्मार, हृद्रोग यांची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. चतुर्थी-एकादशीला तपासणी आली तर उपवास सोडावा की नाही हेही रुग्ण विचारतात. ज्याला लागत नाही त्याने शरीराला दोन दोन उपवास घडवू नयेत, असे आम्ही सांगतो.

लोहकल्पांविषयी रुग्ण चतुरपणे विचारतात: "लोहभस्म पोटात आहे, चुंबक ओढणार नाही ना?" नगरच्या गंगाधरशास्त्री गुणे यांच्या 'आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्रा'वर वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न उत्तराविना सोडणे शोभत नाही. ओढले जाण्याचे भय धरण्याजोगी ती मात्रा नसते. परंतु आतड्यात लोहाचे कण असले तर पोटाच्या प्रतिमेत त्या जागी काळी विकृती उमटू शकते; आधुनिक लोहगोळ्यांबाबत हे ज्ञात आहे आणि आपले कल्प त्याला अपवाद मानण्याचे कारण नाही. नवायस, सप्तामृत लोह, धात्री लोह, पुनर्नवा मंडूर यांत लोह आहे हे नावावरून तरी कळते. आरोग्यवर्धिनी, चंद्रप्रभा, महायोगराज गुग्गुळ यांतही ते आहे, हे रुग्णाला ठाऊक नसते. पोटाची तपासणी ठरली की या औषधांची यादी चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी आणि काही दिवस ती थांबवावीत का, हे रेडिओलॉजिस्टला विचारून ठरवावे. गंमत अशी की पित्तनलिकांच्या तपासणीपूर्वी काही ठिकाणी मुद्दाम अननसाचा रस पाजतात. त्यातील मँगनीजमुळे आतड्यातील द्रवाची चकाकी कमी होऊन पित्तनलिका उठून दिसतात. द्रव्य तेच, युक्तीने वापरले की साहाय्यक, अजाणता राहिले की विघ्नकारक.

काही तपासण्यांत शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. यासाठी वृक्कांची स्थिती ठाऊक हवी. जुना मधुमेह, रक्तदाब, शोथ असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन आधीच तपासून अहवाल बरोबर द्यावा. वृक्कांचे कार्य अतिशय घटलेल्या रुग्णांत या गटातील काही जुन्या द्रव्यांनी त्वचा व इतर अवयव कठीण करणारा गंभीर विकार झाल्याचे आढळले. युरोपात २०१७ मध्ये अशा काही द्रव्यांचा वापर थांबविण्यात आला. आजची बहुतेक द्रव्ये यादृष्टीने बरीच सुरक्षित आहेत. गर्भिणीला हे द्रव्य शक्यतो टाळतात. स्तनपान थांबविण्याची गरज नाही. पूर्वी अशा इंजेक्शनने पित्ते उठले वा श्वास लागला असेल तर ते ठळक अक्षरांत लिहावे.

औषधविक्रेत्यांस

आपल्या संघटनेत औषधालये चालविणारे सभासद बरेच आहेत. केंद्राने लिहून दिलेले इंजेक्शन घेण्यासाठी रुग्ण तुमच्या दुकानात येतो, तेव्हा वृक्कविकाराचा एक प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्वचेवर चिकटविण्याच्या औषधी पट्ट्यांपैकी काहींच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. त्या अंगावर असताना तपासणी झाल्यास त्वचा भाजू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली दिला. मधुमेह्यांच्या दंडावर लावण्याचे साखर मोजणारे संवेदक आता गावातही मिळू लागले आहेत. एमआरआयबाबत उत्पादकाने काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे. आणि 'मशीनची भीती वाटते, झोपेची एक गोळी द्या' म्हणणाऱ्यास चिठ्ठीशिवाय काही देऊ नये. अशी गोळी घेऊन एकटा आलेला वृद्ध परतीच्या गाडीत चढताना पडतो, तेव्हा दोष कोणाचा?

सत्त्वबल

भीती खरी असते, तिला हसू नये. अरुंद बोगद्यात वीस ते पंचेचाळीस मिनिटे निश्चल पडून राहायचे आणि कानाशी हातोडे बडविल्यासारखा आवाज. रुग्णाला आधी सांगितले की आवाज येणारच, तो बिघाड नव्हे, कानात बोळे मिळतील, हातात एक रबरी फुगा देतील आणि तो दाबला की तंत्रज्ञ लगेच विचारपूस करील, तर निम्मी भीती तेथेच ओसरते. चार दिवस आधीपासून घरी सपाट पाठीवर, डोळे मिटून, घड्याळ लावून पडून राहण्याचा सराव आम्ही करवून घेतो. कटिशूलाच्या रुग्णाला पंधरा मिनिटेही उताणे झोपवत नसेल तर ते आधीच कळते आणि गुडघ्याखाली उशी मागून घेता येते.

पोटाच्या तपासणीत मधूनमधून पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतात, बहुधा श्वास सोडून. हा बाह्य कुंभकच झाला. प्राणायामाचा सराव असलेल्यास तो सोपा, नवख्यास अवघड. आणि श्वास हलला की प्रतिमा पुसट. हृद्रोगी व दम्याचे रुग्ण वगळून इतरांकडून आठवडाभर याचा अभ्यास करवून घ्यावा. हे काम आपल्याइतके चांगले दुसरे कोण करील?

एक मात्र आवर्जून सांगावे. बोगद्यात जाताना आपले रुग्ण स्वाभाविकपणे हात जोडतात किंवा पोटावर बोटे गुंफून नामस्मरण करतात. नामस्मरण अवश्य करावे, हात मात्र सुटे ठेवावेत. त्वचेला त्वचा लागून शरीराचेच वेटोळे तयार झाले की त्यातून प्रवाह वाहून स्पर्शाच्या जागी भाजू शकते. मांड्या, पोटऱ्या एकमेकींना टेकत असतील तर मध्ये कापड मागावे. कोठे ऊब वाढल्यासारखी वाटली तर संकोच न करता फुगा दाबावा.

चिठ्ठी आणि अहवाल

'एमआरआय कंबर' एवढे लिहून भागत नाही. वेदना कोणत्या पायात, किती दिवस, बल कोठे घटले, संवेदना कोठे बदलल्या, पूर्वी शस्त्रक्रिया वा कर्करोग होता का, हे दोन ओळींत लिहिले तर रेडिओलॉजिस्टला नेमके कोठे पाहायचे ते कळते. मूत्र अडणे, गुदाभोवती बधिरता येणे, पाय अचानक लुळा पडणे यांपैकी काही असेल तर वरील साऱ्या सरावासाठी थांबू नये. फोनवर आवश्यक प्रश्न विचारून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

आणि अहवालाची तयारीही आधीच करावी. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या एमआरआयचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो की विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत मणक्यांमधील चकती फुगलेली आढळते. रुग्ण मात्र अहवालातील ती ओळ वाचून अंथरूण धरतो, शेतीचे काम सोडतो, दोन ठिकाणी शस्त्रक्रियेचे दर विचारून येतो. "कागदावर काही ना काही निघेल, ते तुमच्या दुखण्याशी जुळते का ते आपण दोघे मिळून पाहू," हे वाक्य तपासणीच्या आधी सांगितले तर त्याला किंमत असते. नंतर सांगितले तर तो त्याला धीर देण्यासाठी म्हटलेले समजतो.

पाथर्डीच्या त्या रुग्णाची शस्त्रक्रिया झाली, अंगठा पुष्कळसा सावरला. त्याच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत आता तांबड्या शाईने लिहिले आहे: 'डोळ्यात लोहकण, एमआरआय नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय नाही.' त्याची प्रत त्याच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, मुलाने घडी करून ठेवली आहे.